पंप मारून ब्रेकमधली हवा निघत नाही

पेडल स्पंजासारखं दबलं की ‘चार पंप मार, हवा निघून जाते’ हा सल्ला वऱ्हाडात पानटपरीवरही मिळतो. पंप मारल्यावर, म्हणजे पेडल भराभर दाबल्यावर, ते कडक लागतं खरं, पण हवा तिथंच असते. मिनिटभर थांबा, पेडल पुन्हा खाली. हवा बाहेर पडते चाकाजवळच्या ब्लीडर निपलमधून, म्हणजे हवा काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूमधून. निपलला पारदर्शक नळी लावा, टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलात बुडवा. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल पाव फेरा सैल करायचं, आवळायचं, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधेच ब्रेक ऑइलची वरची डबी रिकामी झाली तर सगळी मेहनत मातीत! बाटलीतलं ऑइल परत ओतू नका.