भोंडला (इंदूर)

मराठी मुली-बायकांनी फेर धरून गाण्याचा खेळ. 'हादगा' असेही म्हणतात. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमुळे तो इंदुरातही खेळला जातो. घटस्थापनेला पाटावर हत्ती मांडतात. खेळ कुठे दसऱ्यापर्यंत, कुठे कोजागिरीपर्यंत चालतो. गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायची.

इंदुरात त्याआधीचा पितृपक्ष 'संजा'चा असतो. माळवी मुली भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढतात आणि ओल्या शेणात गुलतेवडी, कण्हेर अशी दारची फुले एकेक करून खोचतात. शेवटी 'किलाकोट', म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती, होतो. सर्वपित्रीला संजा पाण्यात सोडतात आणि अधिकमास आडवा आला नाही तर दुसऱ्याच दिवशी भोंडला बसतो. संजाच्या एका प्रसिद्ध गाण्यात मुलीला बजावले आहे: लवकर घरी जा, नाहीतर आई मारेल.

भोंडल्याच्या गाण्यांत हा मार सासरी पोचतो. 'कारल्याचा वेल' या गाण्यातल्या सुनेला माहेरी जायचे आहे. सासू म्हणते, आधी वेल लाव. मग वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे. कारल्याचे बी टोकल्यापासून तोडणीला साधारण दोन महिने लागतात, हे गाणारीला ठाऊक असते. तोंडावर 'नाही' न म्हणता केलेली ही अडवणूक आहे, आणि तिची एकेक पायरी गाणे सावकाश मोजते. 'यादवराया' त्याहून कठोर आहे. रुसलेल्या सुनेची समजूत घालायला सासरचे एकेक जण काहीबाही देऊ करतात, ती हलत नाही. शेवटी नवरा लाल चाबूक घेऊन जातो आणि ती निमूट घरात येते. सात-आठ वर्षांच्या मुली हे टाळ्या वाजवत म्हणतात.

ही कडवी गाळण्याची सूचना अधूनमधून होते. ती मान्य करता येत नाही. घरातली गोष्ट घराबाहेर न्यायची नाही, या दंडकात वाढलेल्या बायकांना अंगणातला फेर ही एकच जागा होती, जिथे सासूचे नाव न घेता सगळे मोठ्याने म्हणता येई, आणि शेजारणी त्याच ओळी उचलून धरत. मात्र चाबकाचे कडवे मुलींना अर्थ सांगूनच शिकवावे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीबरोबरच मानसिक छळही त्यात हिंसाचार ठरतो. त्या सुनेला आज संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो.

विदर्भ-खानदेशातील भुलाबाई हा याच जातीचा खेळ आहे.