लशीनं की लशीनंतर?

समजा, राजारामपुरीतल्या एका मास्तरांनी खासगी दवाखान्यात पैसे भरून फ्लूची लस घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांचे पाय उचलेनात. निदान झालं गियाँ-बारे सिंड्रोमचं. यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. घरचे म्हणणार, ‘लशीनंच केलं.’ पण भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो: लशीनं झालं, की नुसतं लशीनंतर?

हा आजार लस न घेताही वर्षाला लाखात एकदोघांना होतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३८.७६ लाख होती. सगळ्या जिल्ह्याला फ्लूचा एकेक डोस दिला, तर पुढच्या सहा आठवड्यांत चार ते नऊ जण निव्वळ योगायोगानं आजारी पडतील. लशीमुळे वाढणारा धोका दहा लाख डोसांमागे एकदोन रुग्णांचा मानला जातो. म्हणजे जादाचे चार ते आठ. जवळपास निम्मे-निम्मे! आणि यातले मास्तर कुठल्या गटातले, हे सांगणारी रक्ततपासणी नाही.

गंमत अशी, की दिवाणी दाव्यातही पारडं निम्म्याच्या जरासं वर झुकलं तरी पुरतं. म्हणून लसीकरणाचं कार्ड, बॅच नंबर, लक्षणांची तारीख, त्याआधी जुलाब झाले होते का (जुलाबाच्या एका जंतूमुळेही हा आजार होतो), असे बारीक कागद तिथं वजनदार ठरतात.

पण कारण सिद्ध झालं तरी चूक कुणाची? द्रावणात मिसळून ठेवलेली गोवर-रुबेलाची लस चार तासांच्या मुदतीनंतर टोचली, तर हलगर्जी दाखवता येते. इथं लस चांगली, टोचणारा निष्णात. उलटलं ते शरीर. ग्राहक आयोगाचं दार दोन वर्षांच्या आत ठोठावता येतं, पण हलगर्जी किंवा सदोष माल दाखवावा लागतोच. सगळ्यांना फुकट सेवा देणाऱ्या सरकारी केंद्रात लस घेतली असती, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानं ते दारही बहुधा बंदच.

अमेरिकेनं १९८६ च्या कायद्यानं कुणाची तरी चूक दाखवण्याची ही अटच काढून टाकली. ज्या आजारापासून लस वाचवते, त्या प्रत्येकामागे डोसवर ७५ सेंट कर, त्यातून भरपाई. सोबत एक तक्ता: फ्लूच्या लशीनंतर ३ ते ४२ दिवसांत गियाँ-बारे झाला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर लशीनं झाला असं धरायचं. मास्तरांचा तिसरा आठवडा त्यात बसतो. पाय ४५ व्या दिवशी गेले असते, तर तिथंही पुराव्याचं ओझं त्यांच्याच डोक्यावर आलं असतं.