'भिन्न लिंगाच्या': गोव्याच्या विवाह कायद्यातले दोन शब्द

गोव्यात लग्न ठरलं की घरात दोन गोष्टी विचारल्या जातात. मुहूर्त कधीचा आणि पहिली सही झाली का? ही सही सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात होते. मुलगा-मुलगी साक्षीदार घेऊन जातात, लग्न करणार असल्याचं नोंदवतात, मग नोटीस लागते, कुणाचा आक्षेप असल्यास तो मागवला जातो आणि ठरावीक दिवसांनी दुसरी सही होते. हिंदू घरांत मंगलाष्टकं आणि पंगत कितीही थाटात झाली, तरी कायद्याच्या लेखी नवरा-बायको होतात ते या दुसऱ्या सहीने. इथे लहानाचे मोठे झालेल्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की सांगलीच्या किंवा नाशिकच्या पाहुण्याला समजावून सांगताना आपल्यालाच त्याचं वेगळेपण जाणवतं.

समलिंगी विवाहाची चर्चा गोव्यात येते ती दिल्लीच्या बातम्यांतून. विशेष विवाह कायदा, हिंदू विवाह कायदा, सर्वोच्च न्यायालय, संसद हेच शब्द इथेही फिरतात. पण गोव्यात लग्नं हिंदू विवाह कायद्याने होतच नाहीत. इथला विवाह कायदा वेगळा आहे, त्याची कुळकथा वेगळी आहे, आणि ती नीट पाहिली तर या प्रश्नाचं दारही वेगळ्या ठिकाणी सापडतं.

पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ सालची. १८६९ च्या हुकुमाने ती वसाहतींना लागू झाली आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. तिच्या १०५६ व्या कलमात लग्नाची व्याख्या आहे: कायदेशीररीत्या कुटुंब स्थापण्यासाठी भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमध्ये होणारा कायमचा करार. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालची राजेशाही कोसळली, प्रजासत्ताक आलं आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरच्या हुकुमाने लग्न हा निव्वळ नागरी करार ठरला. त्याआधी नोव्हेंबरमध्येच घटस्फोटाचा कायदाही झाला होता, त्यामुळे व्याख्येतला 'कायमचा' गेला. 'भिन्न लिंगाच्या' मात्र राहिलं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या वर्षीच्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. म्हणून आज गोव्यातली लग्नं ज्या कायद्याने नोंदवली जातात, त्याचा गाभा १९१० चाच आहे. याच काळात उलट दिशेनेही एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ वं कलम ब्रिटिशांनी १८६० साली लिहिलं होतं. ते गोव्यात आलं मुक्तीनंतर, भारतीय दंड संहितेबरोबर. याचा अर्थ पोर्तुगीज अमदानी उदार होती असा कुणी काढू नये. १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडल्यास, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं आणि पुरुषांमधले संबंध हा त्याच्या लेखीही गुन्हाच होता.

करार या शब्दाला गोव्यात वजन आहे. लग्नाआधी वेगळा करारनामा केला नसेल, तर दोघांची मालमत्ता एक होते आणि त्यात प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. नवरा वारला तर बायकोला मिळणारा हा अर्धा भाग वारसाहक्काने येत नाही, तो पहिल्यापासून तिचाच असतो. जमीन विकताना विक्रीखतावर दोघांची सही लागते. आयकराच्या कायद्यातही गोव्यासाठी ५अ हे कलम घातलं गेलं: नवरा-बायकोचं पगाराखेरीजचं सामाईक उत्पन्न निम्मं-निम्मं धरायचं. शिवाय मृत्युपत्राने माणूस आपल्या हिश्श्यातलं सगळं हवं त्याला देऊ शकत नाही. मुलं असतील तर मुलांसाठी, नसतील आणि आईवडील हयात असतील तर त्यांच्यासाठी, अर्धा भाग राखूनच ठेवावा लागतो.

हे नियम बायकांसाठी मोठा आधार आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. पण जे लग्नाच्या बाहेर ठेवले गेले, त्यांना याच नियमांनी दुप्पट फटका बसतो. इतर राज्यांत एकमेकांसोबत राहणारे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया निदान मृत्युपत्र करून आपलं घर पूर्णपणे जोडीदाराच्या नावे ठेवू शकतात. गोव्यात आईवडील असतील तर तेही अर्ध्यावर अडतं.

माझ्या परिचयाच्या दोघांनी काही वर्षांपूर्वी बार्देशात एक फ्लॅट घेतला. मी साक्षीदार म्हणून सोबत होतो. अकरा वर्षं एका छपराखाली राहिलेली ही माणसं. एकाच्या आईचं आजारपण दुसऱ्याने काढलं होतं. गोव्यातल्या खतात नावापुढे वय, धंदा आणि वैवाहिक स्थिती लिहिण्याची रीत आहे, कारण जोडीदाराचा अर्धा वाटा असतो ना! कारकुनाने मसुदा मोठ्याने वाचला: पहिला खरेदीदार, अविवाहित. दुसरा खरेदीदार, अविवाहित. मग अगदी साध्या कामकाजी आवाजात त्याने विचारलं, "दोघांचं नातं काय लिहू?" थोडा वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी "मित्र" असं उत्तर गेलं. कारकून म्हणाला, मग लिहायची गरज नाही.

ज्यांना दुसऱ्या देशाचा कायदा उपलब्ध होता, त्यांनी तो वापरला. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स आणि त्यांचे फ्रेंच जोडीदार जेरोम मारेल यांनी २००२ साली गोव्यातच सहजीवनाचा नोंदणीकृत करार केला. तो होता फ्रान्सच्या १९९९ च्या कायद्याखाली. वेंडेलना २०१४ साली पद्मश्री मिळाली, २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले. गोव्याच्या मातीत, गोव्याच्या माणसाने केलेल्या त्या कराराला गोव्याच्या कायद्यात जागा नव्हती.

राज्याच्या राजकारणात हा विषय ठळकपणे आला तो जानेवारी २०१५ मध्ये, तोही वाईट तऱ्हेने. युवा धोरण जाहीर करताना तेव्हाचे क्रीडा व युवा व्यवहार मंत्री रमेश तवडकर यांनी समलिंगी तरुणांना 'नॉर्मल' करण्यासाठी केंद्रं काढू, असं म्हटल्याच्या बातम्या आल्या. देशभर टीका झाली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचा खुलासा त्यांनी केला. वास्तविक त्या धोरणात या तरुणांचा उल्लेख लक्ष देण्याजोगा गट म्हणून होता. तो मुद्दा गदारोळात बुडाला.

देशपातळीवरचा प्रवास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ३७७ ची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती परत लावली, २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सज्ञानांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. मग प्रश्न लग्नाचा आला. एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी झाली. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्ती सहमत झाले. अशा सहजीवनाला कायदेशीर मान्यता आणि दत्तकाचा हक्क द्यावा का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. बहुमताने सांगितलं, हे काम विधिमंडळाचं. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. शिधापत्रिकेत एका घरातले म्हणून नोंद करणं, बँकेत संयुक्त खातं उघडणं याबाबत २०२४ मध्ये केंद्राने सूचना काढल्या.

त्या सुनावणीतली एक बाब गोवेकरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून मत विचारलं होतं. सुनावणी संपत आली तेव्हा सात राज्यांची उत्तरं आल्याचं न्यायालयाला सांगण्यात आलं. राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध केला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमने वेळ मागितला. त्या सातांत गोवा नव्हता.

आणि अगदी त्याच सुमारास, निकाल राखून ठेवलेला असताना, जून २०२३ मध्ये विधी आयोगाने समान नागरी कायद्यावर जनतेची मतं मागवली आणि सगळीकडे गोव्याचं नाव गाजू लागलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ च्या एका निकालात गोव्याचं उदाहरण गौरवाने दिलं होतंच, त्याचे दाखले पुन्हा निघाले. विवाहाची सक्तीची नोंद, अर्धा वाटा, सर्व धर्मांना एक कायदा, हे सगळं खरं आहे. पण 'समान' हा शब्द आपण तपासून वापरत नाही. १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या रीतींना सवलती दिल्या, त्यात बायकोला ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करण्याची मुभाही होती. उत्तराखंडने २०२४ मध्ये समान नागरी संहिता केली, तिच्यात लग्न तर सोडाच, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांची व्याख्याही स्त्री-पुरुषांपुरतीच ठेवली.

आता लिस्बनकडे वळू या, कारण आपला कायदा तिथून आला. १९६६ साली पोर्तुगालने स्वतःसाठी नवी नागरी संहिता केली. त्यातही 'भिन्न लिंगाच्या' हे शब्द होतेच. फेब्रुवारी २००६ मध्ये दोन स्त्रिया लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात लग्नाचा अर्ज घेऊन गेल्या. अर्ज नाकारला गेला, त्या घटना न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००९ च्या जुलैत तीन विरुद्ध दोन मतांनी हरल्या. न्यायालय म्हणालं, घटना अशा लग्नाची सक्ती करत नाही आणि त्याला मनाईही करत नाही, संसदेने ठरवावं. संसदेने ठरवलं. ५ जून २०१० पासून कायदा बदलला, आणि दोनच दिवसांनी पहिलं लग्न झालं ते त्याच दोघींचं. व्याख्येतून 'भिन्न लिंगाच्या' काढलं, 'दोन व्यक्ती' ठेवलं. बाकी फार काही करावं लागलं नाही. पूर्वजांची जन्मनोंद दाखवून पोर्तुगीज नागरिक झालेला डिचोलीचा किंवा केप्याचा तरुण आज लिस्बनमध्ये आपल्या जोडीदाराशी लग्न करू शकतो. घरी परतला की खतावर अविवाहित.

लग्नाचा हक्क मागावा लागणं गोव्याच्या मराठी समाजाला नवं नाही. देवळांशी बांधलेल्या स्त्रियांच्या मुलींचा शेंस, म्हणजे देवाला वाहण्याचा, विधी होई आणि संसाराचं दार त्यांना बंद होई. मुलांना बापाचं नाव नाही, वाट्याला जमीन नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजाराम रंगाजी पैंगिणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथेविरुद्ध आपल्याच लोकांना उभं केलं, त्यातून गोमंतक मराठा समाज घडला. शिक्षण आणि रीतसर लग्न हे या चळवळीचे दोन आग्रह होते. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर याच समाजातले. दोन्ही प्रश्न एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण रजिस्टरातल्या एका ओळीने माणसाच्या आयुष्याला किती आधार मिळतो, हे या समाजातल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नसतं.

न्यायालयाने विधिमंडळाकडे बोट दाखवलं, तेव्हा बहुतेकांनी संसद एवढाच अर्थ घेतला. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे. गोव्याच्या विधानसभेने जुन्या पोर्तुगीज संहितेला हात लावलेला आहे: वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरीची (मृताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) कलमं बाजूला सारून २०१२ साली स्वतःचा कायदा केला आणि डिसेंबर २०१६ पासून तो लागू झाला. विवाहाचं प्रकरण मात्र तसंच राहिलं. ते नव्याने लिहायचं तर राष्ट्रपतींची संमती लागू शकते, वेळ लागेल, विरोधही होईल. आपली घरं, चर्च, देवस्थानं गप्प बसणार नाहीत. तरी वाद व्हायचा तर तो पर्वरीत, आपल्या आमदारांसमोर, आपल्या भाषेत व्हायला हवा.

दरम्यान न्यायालयांत छोट्या वाटा शोधल्या जात आहेत. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लग्नाविनाही कुटुंब होऊ शकतं असं म्हटलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका समलिंगी जोडप्याने जोडीदाराने दिलेल्या भेटीवरच्या आयकराला आव्हान दिलं. नवरा-बायकोला असलेली सूट आम्हालाही द्या, एवढीच त्यांची मागणी आहे. गोवाही त्याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. बार्देशातल्या त्या दोघांना मी ही बातमी पाठवली, तेव्हा धाकट्याने लगेच फोन केला आणि विचारलं, "दादा, यात आमच्या फ्लॅटचं काही येतं का?"