पाइक यांच्या नावावरचं ‘ल्युसिफर’ वाक्य

‘फ्रीमेसन ल्युसिफरला देव मानतात, अल्बर्ट पाइक यांनीच 14 जुलै 1889 ला तसं लिहिलंय.’ तारखेसकट फिरणारी ही थाप. फ्रीमेसन (किंवा मेसन) म्हणजे एका जुन्या बंधुसंघटनेचे सदस्य, पाइक हे त्यांच्यातले एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन पुढारी, आणि ल्युसिफर हे ख्रिस्ती परंपरेत सैतानाचं नाव. तो मजकूर छापून आला 1894 मध्ये, पाइक वारल्यावर तीन वर्षांनी, आणि तोही फ्रीमेसनांबद्दल खोट्या गोष्टी रचणाऱ्या लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाच्या बनवाबनवीच्या भरात. टॅक्सिलनं 19 एप्रिल 1897 ला पॅरिसमध्ये भर सभेत सगळी बनवाबनवी कबूल केली.

पाइक यांच्या 1871 च्या ‘मॉरल्स अँड डॉग्मा’मध्ये ल्युसिफर आहे खरा, 19 व्या पदवीच्या (मेसनांच्या चढत्या पायऱ्यांपैकी एकीच्या) प्रकरणात. पण तिथे नवल केलंय: ‘प्रकाशवाहक’ हे नाव अंधाराच्या आत्म्याला? लॅटिनमध्ये ते पहाटेच्या शुक्राच्या चांदणीचं नाव, एवढंच.

खरी गल्लत पुढे होते. हा ग्रंथ स्कॉटिश राइट या मेसनांच्या एका शाखेच्या अमेरिकेतल्या दक्षिण अधिकारक्षेत्रासाठी लिहिलेला, सगळ्या मेसनांचं धर्मपुस्तक नव्हे. निम्मा मजकूर इतरांचा असल्याचं आणि न पटेल ते नाकारायला वाचक मोकळा असल्याचं पाइक प्रस्तावनेतच सांगतात. उसना मजकूर मात्र वेगळा दाखवलेला नाही. मधलंच पान उघडलं की कुणाचंही मत पाइक यांच्या तोंडी जातं. म्हणून आधी प्रस्तावना वाचा, मग ‘बारा इंची पट्टी आणि हातोडा’ हे पहिलं प्रकरण. 19 वं त्यानंतर.