बाहेरून दहावी: सतरा नंबर फॉर्म की ओपन स्कूल?

शाळा सुटलेल्या मुलाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अहो, बाहेरून दहावी करता येते की!’ येते, नक्की येते. पण या एका वाक्यात दोन वेगळे रस्ते मिसळलेले असतात. एक म्हणजे राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म. दुसरा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. बोलताना नुसतं ‘ओपन स्कूल’. चुकीचा रस्ता धरला की वर्ष जातं. शाळेत आधीच चार वेळा खाली मान घालून उभ्या राहिलेल्या मुलाला ते वर्ष फार महागात पडतं, म्हणून हा फरक घरच्यांना नीट कळायलाच हवा.

सतरा नंबरमध्ये रोज शाळेत बसणं सुटतं, परीक्षा मात्र तीच राहते. नियमित मुलं देतात तीच दहावी, तेच सहा विषय, फेब्रुवारी-मार्चमधलं तेच वेळापत्रक, आणि तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं सगळं एकदमच. वय किमान १४ पूर्ण लागतं. जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते आणि तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत गुण तिथूनच होतात. फॉर्म आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात निघतात. दिवाळीनंतर चौकशीला गेलेल्या आईबापांना बहुधा ‘आता पुढच्या वर्षी या’ हेच ऐकावं लागतं.

ओपनमध्ये परीक्षाच वेगळी असते. मंडळ केंद्राचं आहे. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ते सुरू झालं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते. सगळ्यात मोठी सोय म्हणजे नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एक एप्रिल-मेच्या सुमारास, एक ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो, आणि सुटलेला, म्हणजे पास झालेला, विषय जमा राहतो. राज्य मंडळात आधी दहावीला बसून एखाद-दोन विषय सुटले असतील, तर ते दोन विषयांपर्यंत इथे वळते करून घेता येतात. धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणारा मुलगा, लग्न लावून दिलेली पोर, यांना वर्षभराचा सलग अभ्यास जमत नाही. त्यांच्यासाठी ही सोय खरोखर मोलाची आहे.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते सांगतो. समजा, सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. नववीत शाळा सुटली आणि तो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली जातो. बोर्ड उघडणं, पाईपमधून वायर ओढणं, पंख्याचा कपॅसिटर बदलणं त्याला व्यवस्थित येतं. त्याला आयटीआयला जायचंय. घरचे त्याला ओपनच्या केंद्रावर नेतात आणि तिथे सल्ला मिळतो, ‘गणित सोडा, विज्ञान सोडा, सोपे विषय घ्या, पास होऊन जाईल.’ नियमाला धरूनच आहे हे. ओपनमध्ये गणित सक्तीचं नाही. मुलगा पास होतो, घरात पेढे वाटले जातात. मग आयटीआयच्या प्रवेशाला गेल्यावर समजतं की इलेक्ट्रिशियन काय, फिटर काय, दहावीला गणित आणि विज्ञान असल्याशिवाय अर्जच चालत नाही. दहावी हातात आहे, पण ज्या कामासाठी ती केली त्या कामाला तिचा उपयोग नाही. म्हणून ट्रेड, म्हणजे आयटीआयमध्ये कुठलं काम शिकायचं ते, आधी ठरवा, विषय त्यावरून निवडा. वायरमन, वेल्डर, प्लंबर या ट्रेडना आठवी पासवरही प्रवेश आहे, हे तर कित्येक घरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आठवीसुद्धा झाली नसेल आणि एकदम दहावी झेपणार नसेल, तर राज्य मंडळाचं स्वतःचं मुक्त विद्यालय आहे. तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षाही होतात. त्याची आणि एनआयओएसची गल्लत करू नका.

काही मुलांना मात्र यातलं काहीच लागत नाही. दहावीला बसून एक-दोन विषयांत गेलेल्याने सतरा नंबरच्या मागे लागायचं कारण नाही. त्याने आपल्याच शाळेतून पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा. मधल्या काळात एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या बोलीवर, अकरावीचा प्रवेशही मिळतो. आणि वय १४ च्या आत असेल तर ‘बाहेरून’ हा शब्द काढूच नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेणं आणि मागे पडलेला अभ्यास भरून देणं ही शाळेची जबाबदारी आहे. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

मग कुणी काय निवडावं? माझं मत स्पष्ट आहे. मूल नववीपर्यंत बऱ्यापैकी शिकत होतं, शाळा घरच्या अडचणीमुळे सुटली आणि आता रोज दोन-तीन तास मिळतात, तर सतरा नंबर बरा. पुस्तकं ओळखीची असतात, शेजारच्या ताईदादाला विचारता येतं, आणि एका वर्षात दहावी संपते. दिवसभर काम असेल, किंवा एकदम सहा पेपरांच्या नुसत्या कल्पनेनेच मूल गळपटत असेल, तर ओपन. ‘कशात लवकर पास होईल’ एवढ्यावरच ठरवू नका.

दोन्हीकडे कागद सारखेच आडवे येतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आधारवर नाव किंवा जन्मतारीख वेगळी निघाली तर आधी ते दुरुस्त करून घ्या. ‘पासची गॅरंटी’, ‘घरबसल्या एका वर्षात दहावी-बारावी’ अशी पाटी लावलेल्या क्लासच्या हाती पैसे देऊ नका. फॉर्म मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच भरायचा, आणि ओपनचं केंद्र मान्यताप्राप्त आहे का तेही तिथेच पाहायचं.

ओपनवाल्यांनी वेळेचाही हिशेब ठेवावा. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर, पावसाळ्याच्या तोंडावर होतात. शेवटचा विषय एप्रिलच्या परीक्षेत सुटला तर ते वर्ष साधण्याची शक्यता असते. ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटला तर पुढच्या प्रवेशापर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या महिन्यांत कौशल्य विकासाचा दोन-चारशे तासांचा कोर्स होऊ शकतो. तो जरूर करावा, पण आयटीआयच्या जागी त्याला धरू नये.