स्ट्रेप्टोमायसिनला हिरवा कंदील कोण दाखवतो?

स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या मातीतल्या जिवाणूच्या निरोगी वसाहतीवर बीजाणूंची पिठासारखी भुकटी धरते. काही बिघडलेल्या वाणांच्या वसाहती मात्र तुळतुळीतच राहतात. संशोधकांच्या बोलीत त्यांना सरळ 'टकले' म्हणतात. १९६०च्या दशकात मॉस्कोमध्ये ए. एस. खोखलोव्ह आणि त्यांचे सहकारी अशाच एका वाणाचा अभ्यास करत होते. त्याला ना बीजाणू धरत, ना तो स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक तयार करी. पण निरोगी वाण ज्या द्रवात वाढला होता त्यातून वेगळा काढलेला एक पदार्थ लेशमात्र मिळताच तो ही दोन्ही कामे करू लागला. १९६७ साली जगापुढे आलेल्या या पदार्थाचे नाव ए-फॅक्टर.

जिवाणूंचे संप्रेरक हे त्याला मिळालेले बिरुद अतिशयोक्त नाही, कारण लिटरभर द्रवात एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी ए-फॅक्टर असला तरी तो पुरतो. गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन गटातला हा छोटासा रेणू जिवाणू स्वतःच तयार करतो आणि तो पेशीबाहेर साचत जातो. वाढ पुरेशी झाली की त्याचे प्रमाण एका ठरावीक पातळीपर्यंत पोहोचते.

पुढे काय घडते, याचा उलगडा प्रामुख्याने तोक्योमध्ये तेरुहिको बेप्पू आणि सुएहारू होरिनोउची यांच्या संशोधनातून झाला. पेशीत 'आर्प-ए' नावाचे एक प्रथिन 'एडीपी-ए' या जनुकाच्या सुरुवातीलाच ठाण मांडून बसलेले असते आणि त्यामुळे ते जनुक वाचलेच जात नाही. ए-फॅक्टर या प्रथिनाला चिकटला की त्याचा आकार बदलतो आणि डीएनएवरची त्याची पकड सुटते. म्हणजे हा संदेश कशाला चालना देण्याऐवजी नुसता अडसर काढतो. मोकळ्या झालेल्या जनुकापासून बनणारे प्रथिन इतर अनेक जनुकांना जागे करते. त्यांपैकी 'एसटीआर-आर' हे जनुक स्ट्रेप्टोमायसिनच्या उत्पादनाची सूत्रे हाती घेते.

यातली मला सर्वांत चतुर वाटणारी गोष्ट निराळीच आहे. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, घाला घालते, आणि रायबोसोम तर ग्रिसियसलाही असतात. त्याच्या गुणसूत्रावर 'एसटीआर-आर'च्या अगदी शेजारी स्ट्रेप्टोमायसिनला फॉस्फेट जोडून निष्प्रभ करणाऱ्या विकराचे जनुक असते आणि ही दोन्ही जनुके एका दमात वाचली जातात, त्यामुळे विष तयार करण्याच्या हुकमाबरोबरच ढालही तयार होऊ लागते.

प्रत्येक जातीचा संदेश थोडा वेगळा असतो. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचे संदेशरेणू ए-फॅक्टरच्याच कुळातले असले, तरी त्यांची कार्बनची शेपटी निराळी असते. याच जातीचा जीनोम २००२ साली वाचला गेला, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनसारखी रसायने बनवू शकणारे वीसहून अधिक जनुकसमूह त्यात सापडले. त्यांपैकी बहुतेकांची उत्पादने तोवर कोणी पाहिलीही नव्हती. प्रयोगशाळेतल्या ताटलीत हे समूह बहुधा मुकेच राहतात, म्हणून आता संशोधक कधी बाहेरून संदेशरेणू घालून, तर कधी आर्प-एसारख्या प्रथिनांची जनुकेच काढून टाकून त्यांना बोलते करू पाहत आहेत.