ओली बाळंतीण

ओली बाळंतीण : नुकतीच प्रसूत झालेली स्त्री. घरगुती हिशोबाने ही अवस्था सव्वा महिन्याची. वैद्यकात सूतिकाकाल सहा आठवड्यांचा धरतात. ‘ओली’ हे विशेषण चपखल आहे, कारण या दिवसांत रक्त, दूध, घाम आणि डोळ्यांतले पाणी सगळेच वाहत असते.

पहिलटकरणीच्या कळा १२ तास किंवा त्याहूनही जास्त चालू शकतात. गर्भाशयाचे तोंड १० सेंटिमीटर उघडले की जोर करायची वेळ येते. बाळ बाहेर आले तरी बाळंतपण संपत नाही. वार, म्हणजे पोटात बाळाला नाळेवाटे पोसणारा अवयव, पडायची असते, बहुधा अर्ध्या तासात; गरज असेल तर टाकेही घालतात. अतिरक्तस्रावाचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो.

पुढचे चार ते सहा आठवडे अंगावरून जाते : आधी लाल, मग तपकिरी, शेवटी पिवळट-पांढरे. बाळाला पाजताना ओटीपोटात कळ येते, ती गर्भाशय आक्रसत असल्यामुळे. दुसरेपणी ती अधिक जाणवते. सुरुवातीचा पिवळसर, दाट चीक चमचाभरच येतो आणि बाळाच्या इवल्या पोटाला तेवढा पुरतो. तो पिळून टाकून बाळाला मध चाटवण्याची जुनी रीत घातक आहे. मध वर्षभर देऊच नये. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरते आणि छाती दगडासारखी होते. त्याच सुमारास कारण नसताना रडू कोसळते. ‘इतकं गोंडस बाळ झालंय, रडतेस काय?’ हे वाक्य बाळंतिणीला सर्वाधिक दुखावते. हे रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाजवळ जावेसे वाटेना, तर तो आजार असतो आणि त्याला उपचार आहेत.

माहेरचे बाळंतपण, पाचवीची सटवाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून न्हाऊ घालणारी बाई : या रिवाजांतली मोठी देणगी म्हणजे बाळंतिणीला मिळणारी विश्रांती. चूल-पाण्यातून सुटका झाली, की तिला बाळाच्या झोपेबरोबर झोपता येते. मात्र पाणी तोडणे चुकीचे आहे. पाजणाऱ्या आईला तहान जास्त लागते, तिला हवे तेवढे पाणी द्यावे. दारे-खिडक्या लावून खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवणेही जिवावर बेतू शकते, कारण कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

तासाभरात पॅड भिजून जाणे, ताप, घाण वास, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला सूज, धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये, हा नियम अशा वेळी मोडायचाच असतो.